लॅम्प्रेचा मज्जारज्जू आणि कापणारे हात

१८७६ साली व्हिएन्ना विद्यापीठाची शरीरक्रियाशास्त्राची संस्था एका जुन्या बंदुकीच्या कारखान्यात होती. तळमजला आणि तळघर एवढीच तिची जागा. पाणी अंगणातल्या विहिरीवरून आणावं लागे. संस्थेचे प्रमुख एर्न्स्ट ब्रूके शिस्तीचे आणि कमी बोलणारे होते. त्यांच्याकडे वीस वर्षांचा एक वैद्यकीचा विद्यार्थी आला, तेव्हा त्यांनी त्याला एक मासा दिला आणि एक प्रश्न दिला. मासा होता लॅम्प्रे, त्यातही ओढ्याच्या तळाशी गाळात राहणारं त्याचं पिल्लू. त्याच्या मज्जारज्जूत राइसनर नावाच्या शास्त्रज्ञाला काही मोठाल्या पेशी दिसल्या होत्या. या पेशी कसल्या आणि त्यांचे तंतू जातात कुठे, हे शोधून काढायचं होतं. विद्यार्थ्याचं नाव सिग्मंड फ्रॉइड.

मनोविश्लेषणाच्या इतिहासात या माशाला एखादं वाक्य मिळतं. मला मात्र हा मासा एका फार मोठ्या गोष्टीचा नायक वाटतो. दोन चेतापेशी एकमेकींना कुठे आणि कशा भेटतात, म्हणजेच सिनॅप्स आतून कसा असतो, हे माणसाला कळलं त्या वाटेवर हा जबडा नसलेला मासा पुन्हा पुन्हा उभा आहे. ही गोष्ट बहुतेकदा गोल्जी आणि काहाल या दोन शास्त्रज्ञांच्या भांडणाची म्हणून सांगितली जाते, मतांची आणि सिद्धान्तांची म्हणून. ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं. कोणता प्राणी निवडला, तो कशात बुडवला, कशानं रंगवला आणि किती पातळ कापला, यावर दर वेळी काय दिसणार ते ठरत गेलं. सिद्धान्त त्यामागून आले.

असं मी म्हणते, कारण माझी नोकरी कापण्याचीच होती. मुंबईत परळला एका वैद्यकीय संस्थेच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक विभागात मी तंत्रज्ञ होते. आमच्याकडे येणाऱ्या नमुन्यांत कुष्ठरोग्यांच्या चेतांचे तुकडे बरेच असत. तांदळाच्या कणीएवढा तुकडा यायचा, आणि त्यातून डॉक्टरांना बघता येईल असं काहीतरी तयार करून द्यायचं हे माझं काम. लॅम्प्रे मी कधी कापला नाही. तो आपल्या पाण्यात मिळतच नाही, थंड प्रदेशातला जीव तो. पण प्राणिशास्त्राच्या पदवीला काचेच्या बरणीतला पेट्रोमायझॉन, म्हणजे लॅम्प्रेच, आम्हा सगळ्यांनाच असायचा. बामसारखं लांब अंग, डोक्याच्या बाजूला सात कल्ल्यांची छिद्रं, आणि तोंडाच्या जागी दातांनी भरलेली गोल वाटी. परीक्षेला त्याची आकृती काढायची आणि विसरून जायचं. पुढे नोकरीत असताना ग्रंथालयातल्या नियतकालिकांत त्याच माशाच्या सिनॅप्सची छायाचित्रं दिसली, आणि तेव्हापासून या विषयानं मला सोडलं नाही.

आधी माशाविषयी. लॅम्प्रे आणि त्याचा भाऊबंद हॅगफिश हे पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या वंशातली सर्वांत जुनी जिवंत शाखा. त्यांचा आणि आपला शेवटचा समान पूर्वज सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचा. दक्षिण आफ्रिकेत सापडलेला एक लॅम्प्रेचा जीवाश्म ३६ कोटी वर्षं जुना आहे, आणि त्यातही तोंडाची ती गोल वाटी स्पष्ट ओळखता येते. या माशांना जबडा नाही, जोडीचे पर नाहीत, खरी हाडं नाहीत. आपल्या चेतातंतूंवर मायलिनचं जे चरबीचं वेष्टण असतं तेही नाही. वेष्टण नसेल तर तंतूतून संदेश हळू जातो. वेग वाढवायचा दुसरा उपाय म्हणजे तंतूच जाड करणं, आणि लॅम्प्रेनं तो केलेला आहे. त्याच्या मेंदूतून निघून पार शेपटीपर्यंत जाणारे काही तंतू इतके जाड असतात की मोठ्या माशात त्यांचा व्यास ५० मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून जास्त भरतो. बर्लिनचे योहानेस म्यूलर यांना एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच हे तंतू दिसले होते. आजही त्यांना म्यूलरचे तंतू म्हणतात.

मज्जारज्जूही वेगळा. आपला गोल दोरीसारखा, त्याचा चपटा, फितीसारखा, जवळजवळ पारदर्शक. त्याच्या आत रक्तवाहिन्या शिरलेल्या नसतात, प्राणवायू आणि अन्न बाहेरूनच झिरपतं. म्हणूनच तो शरीरातून काढून थंड क्षारद्रावणात ठेवला तर पुष्कळ काळ जिवंत राहतो. कापणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त काय हवं?

फ्रॉइड यांच्या हाती यातलं फार थोडं होतं. त्यांनी मज्जारज्जू रसायनात कडक केला, वस्ताऱ्यानं काप घेतले. चेतातंतू सुटे करण्यासाठी नायट्रिक आम्ल आणि ग्लिसरीन यांचं एक मिश्रण त्यांनी सुधारून घेतलं आणि ती कृती छापलीही. १८७७ आणि १८७८ साली त्यांचे लॅम्प्रेवरचे दोन निबंध प्रसिद्ध झाले, आकृत्या स्वतःच्या हातच्या. राइसनरच्या त्या मोठ्या पेशींतून निघणारे तंतू मज्जारज्जूच्या मागच्या मुळांतून बाहेर पडतात, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे त्या संवेदनेच्या पेशी ठरल्या. आपल्या शरीरात अशा पेशी मज्जारज्जूच्या बाहेर, गाठींमध्ये असतात. लॅम्प्रेत काही आत, काही गाठीत, आणि काही चक्क या दोहोंच्या मधल्या वाटेवर मुळातच थांबलेल्या. आकारानंही काही दोन टोकांच्या, काही एका टोकाच्या, काही मधल्या अवस्थेतल्या. उत्क्रांतीत या पेशींच्या आतून बाहेर झालेल्या ज्या स्थलांतराची कल्पनाच करावी लागली असती, ते एका माशाच्या अंगात टप्प्याटप्प्यानं मांडून ठेवलेलं होतं.

पुढे चाळीसएक वर्षांनी, मनोविश्लेषणावरच्या आपल्या व्याख्यानांत फ्रॉइड यांनी हाच मासा पुन्हा काढला. मनाची वाढ होताना काही भाग वाटेत मागे राहून जातो हे समजावताना त्यांना त्या वाटेवर थांबलेल्या पेशी आठवल्या. सूक्ष्मदर्शकाखाली घालवलेले दिवस माणसाच्या विचारात किती खोल मुरतात याचा हा मला मिळालेला सर्वांत चांगला पुरावा. १८८२ साली पैशाच्या अडचणीमुळे त्यांनी ब्रूके यांची प्रयोगशाळा सोडली. तिथे वर चढायला जागा नव्हती आणि लग्न ठरलेलं होतं.

त्याच १८८२ साली नॉर्वेच्या बर्गन शहरातल्या संग्रहालयात एक तरुण नोकरीला लागला, फ्रिट्यॉफ नान्सेन. पुढे ध्रुवप्रदेशाचा शोधक आणि १९२२ चा शांततेचा नोबेल मानकरी म्हणून जग त्यांना ओळखणार होतं. बर्गन हे नाव ऐकलं की मी थोडी सावरून बसते, कारण आमच्या विभागात येणाऱ्या त्या चेतांच्या तुकड्यांचं मूळ याच शहरात आहे. कुष्ठरोगाचा जीवाणू १८७३ साली बर्गनमध्येच गेर्हार्ड आर्माउअर हान्सेन यांनी पाहिला. तिथल्या कुष्ठरोग संशोधनाचे धुरीण डानिएल डानिएल्सेन हेच संग्रहालयाचेही प्रमुख होते, आणि नान्सेन त्यांच्या हाताखाली काम करत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, चेतातंतूंना वेढणाऱ्या श्वान पेशीत बसलेले ते जीवाणू, प्रत्येकाभोवती एक मोकळं वलय, मी असंख्य वेळा बघितलेत. ज्या गावात ते प्रथम दिसले, त्याच गावात सिनॅप्सच्या शोधाचाही एक धागा विणला जात होता.

१८७३ सालीच मिलानजवळच्या आब्बियातेग्रासो इथे, असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात, कामिल्लो गोल्जी यांनी आपली काळी अभिक्रिया प्रसिद्ध केली. स्वयंपाकघरात थाटलेल्या प्रयोगशाळेत त्यांनी मेंदूचे तुकडे आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवले. हजारो पेशींतल्या मोजक्याच काळ्या होतात, पण ज्या होतात त्या मुळापासून शेवटच्या फांदीपर्यंत. सगळ्याच रंगल्या असत्या तर नुसता काळोख दिसला असता. काही थोड्याच रंगतात म्हणूनच प्रत्येकीचा आकार वेगळा काढता येतो.

नान्सेनना ही पद्धत हवी होती. १८८५ साली त्यांना एका निबंधासाठी सुवर्णपदक मिळालं. ते त्यांनी कमी किमतीच्या धातूत घेतलं आणि उरलेल्या पैशांतून इटली गाठली. १८८६ मध्ये ते पाव्हियाला गोल्जींकडे गेले, हातानं पद्धत शिकले, मग नेपल्सच्या सागरी संशोधन केंद्रावर काम करून बर्गनला परतले. तिथल्या फ्योर्डांच्या चिखलात हॅगफिश मुबलक. नान्सेननी त्याच्या मज्जारज्जूवर काळी अभिक्रिया वापरली. मागच्या मुळातून आत शिरणारा तंतू आत गेल्यावर दुभंगतो, एक फांदी वर आणि एक खाली जाते, हे त्यांना दिसलं. आणि १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रबंधात त्यांनी स्पष्ट लिहिलं की पेशींच्या फांद्या एकमेकींत मिसळून जाताना आपल्याला कुठेही आढळल्या नाहीत.

हे वाक्य किती धाडसाचं होतं ते लक्षात घ्यायला हवं. ज्यांच्याकडून पद्धत शिकले त्या गोल्जींचं मत नेमकं उलट होतं. गोल्जींना सगळी चेतासंस्था एक सलग जाळं वाटे. नान्सेनही सगळीकडे बरोबर नव्हते, पेशींच्या फांद्यांपैकी काहींचं काम फक्त पोषणाचं आहे असं त्यांना वाटे. पण डोळ्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. हिस आणि फोरेल हे दोघे स्विस शास्त्रज्ञ जवळपास त्याच सुमाराला त्याच निष्कर्षाकडे निघाले होते. एप्रिल १८८८ च्या अखेरीला नान्सेननी प्रबंधाचं समर्थन करून डॉक्टरेट मिळवली आणि काही दिवसांतच ते ग्रीनलंडची बर्फाची पठारं ओलांडायला निघून गेले. चेतापेशींकडे ते पुन्हा फिरकले नाहीत.

पुढचा भाग सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगते. सान्तियागो रामोन इ काहाल यांनी १८८७ मध्ये माद्रिदला गोल्जीची पद्धत पाहिली, ती आणखी पक्की केली आणि १८८८ पासून एकामागून एक प्राणी घेऊन दाखवलं की प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र आहे. १८९१ मध्ये वाल्डेयर यांनी तिला न्यूरॉन म्हटलं. १८९७ मध्ये शेरिंग्टन यांनी दोन पेशींच्या भेटीच्या जागेला सिनॅप्स हे नाव दिलं. १९०६ चं नोबेल गोल्जी आणि काहाल यांना मिळून मिळालं, आणि त्या व्यासपीठावरूनही गोल्जींनी न्यूरॉनच्या सिद्धान्ताविरुद्ध भाषण केलं.

गोल्जींना हट्टी म्हणून मोकळं व्हावं असं मला वाटत नाही. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन वस्तू वेगळ्या दाखवता येत नाहीत. दोन चेतापेशींमधली फट असते साधारण २० नॅनोमीटरची. म्हणजे ज्या फटीवर सगळा वाद होता, ती दोघांपैकी एकालाही दिसणं शक्य नव्हतं. काहाल बरोबर ठरले ते अतिशय चांगल्या तर्कानं. पुरावा येईपर्यंत आणखी पन्नास वर्षं जायची होती.

इलेक्ट्रॉनचा सूक्ष्मदर्शक बर्लिनमध्ये १९३१ साली क्नोल आणि रुस्का यांनी उभा केला, पण सजीवांच्या ऊतींसाठी तो पुढची बरीच वर्षं निरुपयोगी राहिला. अडलं होतं सुरीपाशी. इलेक्ट्रॉनांचा झोत ऊतीतून आरपार जायचा तर काप ७० नॅनोमीटरच्या आसपास हवा. माणसाच्या एका केसाच्या जाडीचे हजार काप करायचे, असा हिशेब. पोलादी सुरीची धार यासाठी फार जाड. १९५० साली लाटा आणि हार्टमन या दोघा अमेरिकनांनी तुटलेल्या काचेची कड वापरून बघितली आणि वाट मोकळी झाली. थोड्याच काळात व्हेनेझुएलाच्या उंबेर्तो फर्नांदेस-मोरान यांनी हिऱ्याची सुरी तयार केली. १९५४-५५ मध्ये न्यूयॉर्कला पॅलेड आणि पॅले, सिअ‍ॅटलला दे रोबेर्तिस आणि बेनेट यांना फट दिसली. दोन्ही बाजूंची पटलं वेगवेगळी, अखंड. आणि फटीच्या एका बाजूला, संदेश देणाऱ्या पेशीत, साधारण ५० नॅनोमीटरच्या गोल पुटिकांची, म्हणजे रसायन भरलेल्या इवल्या पिशव्यांची, दाटी.

हा काप कसा घेतात ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. तुकडा मिलिमीटरभराचाच घ्यायचा, कारण द्रावण आतपर्यंत झटपट पोचायला हवं. आधी ग्लुटाराल्डिहाइड, प्रथिनं जागच्या जागी धरून ठेवायला. मग ऑस्मियम, चरबी धरायला. त्यानं तुकडा काळाकुट्ट होतो आणि त्याची वाफ डोळ्यांना घातक, म्हणून सगळं धुराड्याखाली. मग अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्या, मग अ‍ॅराल्डाइटची राळ, आणि ६० अंशांच्या भट्टीत ब्लॉक कडक होऊ द्यायचा. ब्लॉकचं टोक भिंगाखाली पात्यानं तासून छोटा समलंब चौकोन करायचा. काचेची पट्टी तोडून सुरी करायची, तिला चिकटपट्टीची नाव लावायची, कडा मेणानं बुजवायच्या, नावेत पाणी भरायचं. ब्लॉक सुरीवरून उतरतो आणि काप पाण्यावर तरंगतो. त्याची जाडी मोजायला उपकरण नाही, रंग बघायचा. जांभळा म्हणजे जाड, सोनेरी म्हणजे थोडा जाड, रुपेरी-राखाडी म्हणजे हवा तसा. पाण्यावरचे काप हलवायला काडीला चिकटवलेली पापणीची केसं वापरायची, त्याहून मऊ काही नाही. मग तीन मिलिमीटरच्या तांब्याच्या जाळीवर, ग्रिडवर, ते अलगद उचलायचे. पंखा बंद, एसी बंद, दार बंद. लिफ्ट चालली तरी कापावर पट्टे उमटतात. शेवटी युरेनियम आणि शिशाच्या क्षारांनी रंगवायचं, तेही कार्बन डायऑक्साइडपासून जपून, नाहीतर शिशाचे काळे ठिपके सगळीकडे.

यातल्या प्रत्येक पायरीला एक माणूस आहे. आणि एवढं करूनही सिनॅप्स सापडेल याची हमी नाही. उंदराच्या मेंदूत हजारो बारीक तंतूंचा गुंता असतो. कापात जो सिनॅप्स दिसतो तो कोणत्या पेशीचा, हे सांगता येत नाही. एखाद्या पेशीला आधी विजेचे झटके देऊन मग तिचाच सिनॅप्स बघायचा म्हटलं तर आणखी कठीण.

इथे लॅम्प्रे पुन्हा उभा राहतो. त्याचे जाड तंतू मज्जारज्जूतून सरळ जातात आणि जाताजाताच शेजारच्या पेशींना भेटतात. तंतूच्या कडेला आतल्या बाजूनं पुटिकांचे पुंजके लागलेले असतात, एकेक पुंजका साधारण मायक्रॉन-दीड मायक्रॉनचा. तंतू एवढा मोठा की त्यात सुई घालून विजेचे ठोके देता येतात, औषध भरता येतं, आणि मग तोच तंतू, त्याच जागी, कापून बघता येतो. कार्ल रोव्हेनेन यांनी १९६० च्या दशकात सागरी लॅम्प्रेच्या या पेशी एकेक ओळखून त्यांचं काम नोंदवलं. एका माशात जी पेशी जिथे, दुसऱ्या माशातही तीच पेशी तिथेच.

१९७० मध्ये मायामी विद्यापीठातल्या स्मिथ, यार्लफोर्स आणि बेरानेक यांनी या तंतूंचे पातळ काप छापले. त्यांत सिनॅप्सजवळच्या सूक्ष्मनलिका दिसतात आणि त्यांच्याभोवती पुटिका लागलेल्या. पुटिका या नलिकांवरून सिनॅप्सकडे आणल्या जात असाव्यात असं त्यांनी मांडलं. १९७४ मध्ये फेनिंगर आणि रोव्हेनेन यांनी वेगळा मार्ग घेतला. मज्जारज्जू गोठवून तडकवायचा. तडा पटलाच्या दोन थरांमधून जातो आणि पटलाचं आतलं अंग वरून बघता येतं. तंतूला उत्तेजित केलं आणि द्रावणात कॅल्शियम असलं, तर पुटिका पटलाला जिथे चिकटतात त्या जागा वाढतात, हे त्यांना दिसलं. संदेश देणं म्हणजे पुटिका पटलात मिसळून आतलं रसायन बाहेर टाकणं, या कल्पनेला माशानं असा पुरावा दिला. १९८५ मध्ये विकेलग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सतत उत्तेजित केलेल्या तंतूंत पुटिका कमी झालेल्या दाखवल्या, आणि तंतूला विश्रांती दिली की त्या पुन्हा भरून येतात हेही.

एक पुंजका संपूर्ण बघायचा तर ७० नॅनोमीटरचे साधारण वीस-बावीस काप ओळीनं हवेत, मधला एकही न गमावता. ग्रिडच्या सळीखाली एक काप गेला की मालिका तुटली. असे आकडे मोजलेली नियतकालिकांतली पानं मी वाचते तेव्हा मला आधी ते पाण्यावर ओळीनं तरंगणारे काप दिसतात.

यानंतरचं काम स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत झालं. स्टेन ग्रिलनर तिथे लॅम्प्रेच्या पोहण्याचा अभ्यास करत होते. शरीराबाहेर काढलेला नुसता मज्जारज्जूही योग्य रसायन मिळालं की पोहण्याचा ताल निर्माण करतो, हे १९८० च्या सुमाराला दिसलं होतं. त्याच संस्थेत लेनार्ट ब्रोडिन आणि ओलेग शुपल्याकोव्ह यांनी सिनॅप्सचा ध्यास घेतला. १९९५ मध्ये पॉल ग्रीनगार्ड यांच्या गटाबरोबर त्यांनी या जाड तंतूत सिनॅप्सिन नावाच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं सोडली. पटलापासून दूर असलेला पुटिकांचा साठा विरून गेला, पण पटलाला टेकलेल्या पुटिका जागेवर राहिल्या. परिणामही तसाच झाला. संथ संदेश व्यवस्थित गेले, वेगानं एकामागून एक मागितले तेव्हा तंतू थकला. म्हणजे सिनॅप्सपाशी पुटिकांचे दोन साठे आहेत, एक हाताशी आणि एक मागे, आणि मागचा साठा सिनॅप्सिननं बांधून ठेवलेला आहे.

१९९७ मध्ये पिएत्रो दे कामिल्ली यांच्या गटाबरोबर याच मंडळींनी पुढचा प्रयोग केला. वापरलेलं पटल पुन्हा आत ओढून नव्या पुटिका तयार करायला डायनॅमिन हे प्रथिन लागतं. त्याची जोडीदाराशी असलेली पकड त्यांनी मोडली. कापांत दिसलं की पटलावर क्लॅथ्रिनच्या जाळीनं मढवलेल्या खोल खोबणी तयार झाल्या आहेत, पण त्या सुटत नाहीत. शेवटची चिमटी बसतच नाही. पुनर्वापराची साखळी कोणत्या कडीपाशी तुटली ते चित्रातच दिसत होतं.

या दोन्ही प्रयोगांतलं एकही प्रथिन लॅम्प्रेचं एकट्याचं नाही. सिनॅप्सिन, डायनॅमिन, क्लॅथ्रिन आपल्या मेंदूतही हीच कामं करतात. पुटिकांचा आकार तोच, फट तीच, रसायनही ग्लुटामेट, जे आपल्या मेंदूतही सर्वांत जास्त वापरलं जातं. जबडा यायच्या आधी, पाय फुटायच्या आधी सिनॅप्स मुख्य अंगांनी तयार होता. ब्रूके यांनी फ्रॉइडना हा मासा दिला तो प्राचीन अवस्था बघायला मिळेल म्हणून, आणि पेशींच्या जागांबाबत ती मिळालीही. पण फटीपाशी पोचल्यावर तिथे जुनेपणाची खूण सापडली नाही. तिथे आपलीच यंत्रणा होती. पाठ्यपुस्तकात या प्राण्यांना शिडीच्या तळाशी बसवतात, त्यापेक्षा हे पुष्कळ मोलाचं आहे, आणि प्राणिशास्त्राच्या प्रत्येक वर्गात ते सांगितलं जावं असं मला वाटतं.

एवढे लॅम्प्रे येतात कुठून, हेही या इतिहासाचं एक पान आहे. अटलांटिकमधला सागरी लॅम्प्रे वेलंड कालव्यातून नायगाराला वळसा घालून उत्तर अमेरिकेच्या वरच्या महासरोवरांत शिरला. १९२१ मध्ये तो ईरी सरोवरात आढळला आणि १९३० च्या दशकाअखेर सुपीरियरपर्यंत पोचला. मोठ्या माशांना चिकटून त्यांचं रक्त शोषणारा हा जीव, त्यानं तिथल्या ट्राउटची मासेमारी बुडवली, कोळ्यांची घरं बसवली. ह्यूरन सरोवराकाठच्या हॅमंड बे इथे हजारो रसायनं तपासून शेवटी एक सापडलं, जे ओढ्यातल्या गाळात वाढणारी लॅम्प्रेची पिल्लं मारतं आणि इतर माशांना फारसं बाधत नाही. १९५८ पासून ते वापरात आहे. आजही हा मासा तिथे पकडून मारला जातो, आणि त्यातलेच काही प्रयोगशाळांत जातात. एका ठिकाणी उपद्रव ठरलेल्या जिवाकडून दुसऱ्या ठिकाणी इतकं शिकायला मिळालं, याबद्दल त्याचे आभार कुठेतरी मानले पाहिजेत.

कारण त्याच्याकडून अजून शिकायचं आहे. लॅम्प्रेचा मज्जारज्जू आडवा पूर्ण कापला तरी अडीच-तीन महिन्यांत तो पुन्हा पोहू लागतो. तुटलेले तंतू जखम ओलांडून पुढे वाढतात आणि नवे सिनॅप्स करतात. जेनिफर मॉर्गन यांच्या गटानं हे नवे सिनॅप्स कापून बघितले. मूळ सिनॅप्सपेक्षा ते संख्येनं कमी, आकारानं लहान, पुटिकाही कमी. तरी मासा पोहतो. तंतू परत पहिल्यासारखा झालाच पाहिजे असं नाही, थोड्या जोडण्यांवरही शरीर चालतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्यांच्या चेता कुष्ठरोगानं गेल्या, ज्यांच्या बोटांना विस्तव कळेनासा झाला, त्यांचे तुकडे मी हातांत धरलेले आहेत. ते रोगी वेगळे, त्यांच्या चेता मज्जारज्जूबाहेरच्या, आणि माशाचं उत्तर त्यांना जसंच्या तसं लागू होणार नाही. पण एका कण्याच्या प्राण्याला हे जमतं, एवढं कळल्यावर प्रश्न विचारत राहण्याचं बळ येतं. पार्किन्सनच्या रोग्यांच्या मेंदूत साठणारं अल्फा-सिन्युक्लीन जास्त झालं तर पुटिकांचा पुनर्वापर अडतो, हेही याच गटानं याच तंतूंत दाखवलं.

आता यंत्रं आली आहेत. ब्लॉक सूक्ष्मदर्शकाच्या आतच कापला जातो, हिऱ्याची सुरी एक थर काढते, चित्र घेतलं जातं, पुन्हा थर, पुन्हा चित्र, रात्रंदिवस. पापणीची केसं आणि तांब्याच्या जाळ्या हळूहळू मागे पडतील, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. काम पुढे जायला हवं. पण यंत्रातही ब्लॉक जातो तो कुणीतरी केलेलाच. ग्लुटाराल्डिहाइड वेळेवर पोचलं नाही तर पुटिका फुगतात, आणि मग सर्वांत महागडं यंत्रसुद्धा त्या फुगलेल्या पुटिकांचंच सुंदर चित्र देतं. खरं काय आणि कापण्यात झालेलं काय, हे ओळखणारी नजर टेबलापाशी बसूनच तयार होते. ती कुठल्याही सिद्धान्तातून मिळत नाही.

म्हणून तरुण विद्यार्थ्यांना माझं सांगणं आहे. सिनॅप्सवरचा कुठलाही निबंध वाचा, निष्कर्षाकडे धाव घेण्याआधी पद्धतीचा परिच्छेद वाचा. प्राणी कोणता, तो का निवडला, किती थंड ठेवला, कशात बुडवला, काप किती जाडीचा. मग शेवटी, आभारांच्या बारीक टायपात, तंत्रज्ञांची नावं वाचा. बर्गन, पाव्हिया, मायामी, स्टॉकहोम या ठिकाणी हीच कामं कुणीतरी हातानं केली, आणि चिखलात राहणाऱ्या एका माशानं त्यांना साथ दिली, तेव्हा ती २० नॅनोमीटरची फट माणसाला कळली. आपल्या महाविद्यालयांत अजून बरण्यांतून ठेवलेला तो मासा फक्त आकृतीपुरता राहू नये. त्याचा मज्जारज्जू कसा असतो आणि त्यातून आपल्याला काय मिळालं, हे शिकवणाऱ्यांनी त्याच तासाला सांगावं.